आठच्या पुढे बारा

“असणारच.”

कुणीही येऊन पुस्तक मागितलं की ते मान वर न करता एवढंच म्हणायचे. मग खिशातला रुमाल काढून दहाही बोटं एकेक करून पुसायचे, आणि रॅककडे चालू लागायचे. मागणारा माणूस जेमतेम खुर्चीत टेकतोय तोवर पुस्तक त्याच्यासमोर. मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. ते “असणारच” म्हणाले आणि पुस्तक नव्हतं, असं फक्त एकदा लोकांना वाटलं. तेव्हाही पुस्तक होतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पोस्टात असतात, शाळेत असतात, दवाखान्यात केसपेपर काढून देणाऱ्या खिडकीत असतात. ती रजेवर गेली की सगळं अडतं आणि परत आली की कुणी ‘कसे आहात’ विचारत नाही. यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं. कंपनीत सगळे त्यांना ग्रंथपाल म्हणत. मी साहेब म्हणायचे.

“साहेब वरच्या मजल्यावर बसतात, बाई. मी पुस्तकवाला.”

“मग काय, ओ पुस्तकवाले, अशी हाक मारू?”

त्यांनी थोडा विचार केला. “नको. साहेबच बरं आहे.”

खालापूरच्या अलीकडे औषधं बनवणारी एक कंपनी होती. कारखाना वेगळा, संशोधनाची इमारत वेगळी. त्या इमारतीत खाली लायब्ररी. गोष्टीचं पुस्तक एकही नाही. सगळी औषधांची, रसायनांची, झाडपाल्याची, आणि सगळी इंग्रजी. नवरा गेल्यावर दोन मुली घेऊन मी लोधिवलीला दिराच्या घरात होते. भाताची जमीन होती, पण तिच्यावर माझं नाव लागायला मला चार वर्षं तलाठ्याच्या दारात बसावं लागलं. त्यातच ही नोकरी मिळाली, सहा महिन्यांच्या बोलीवर. झाडलोट करायची, पुस्तकं पुसायची, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. माझं शिक्षण चौथी. इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी आकडे येत होते. एसटीच्या पाट्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचून ते कुणालाही येतात.

आकडे आले की काम येतं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर खालच्या बाजूला पांढरी पट्टी होती. तिच्यावर तीन आकडे, मग टिंब, मग आणखी एकदोन आकडे.

“हा त्याचा पत्ता,” ते म्हणाले. “पुस्तक कशाबद्दल आहे ते मला कळतं. ते कुठं राहतं ते तुम्हाला कळलं पाहिजे.”

दुपारी जेवायला आम्ही दोघंच असायचो. ते पोशीरचे. रोज दोन वाहनं बदलून यायचे. त्यांचं घर बौद्धांचं. ते डबा उघडून माझ्यापुढे सरकवायचे आणि मी “पोट भरलंय” म्हणायचे. असं सहा महिने चाललं. का, ते तुम्हाला कळतं, त्यांनाही कळत होतं. तरी डबा रोज सरकायचा. सातव्या महिन्यात एकदा मी त्यांच्या घरची सुकटीची चटणी बोटाला लावून चाखली. त्यानंतर चटणी नसली की मीच विचारायचे, “आज काय, वहिनींनी दिली नाय?” ते हसायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यात दुप्पट चटणी असायची.

मी लागले त्याच वर्षी लायब्ररी नव्या इमारतीत गेली. पुस्तकं गोणपाटात बांधून टेंपोने आणली आणि जमिनीवर ओतावीत तशी ठेवली. त्याच आठवड्यात आमच्या साहेबांना टायफॉइड झाला. तीन आठवडे ते आलेच नाहीत. वरचे मोठे साहेब खाली आले, तो ढीग बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “हे आता कोण लावणार?”

मी म्हटलं, “मी लावते.”

“तुम्ही?”

“आकडेच तर लावायचेत.”

मी लावली. एकटीने, तीन आठवड्यांत, साताठ हजार पुस्तकं. आधी टिंबाच्या अलीकडचे आकडे बघायचे, ते जुळले की पलीकडचे. पलीकडे एक असलं की ते पहिलं, मग दोन, तीन, असं करत आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. आमच्या जमिनीच्या गटाचे हिस्से असेच लागतात. सत्तेचाळीस गटातला आठवा हिस्सा आधी येतो, बारावा त्याच्यापुढे. तलाठ्याच्या दारात बसून बसून मी हेच वाचलं होतं. एकदाही अडले नाही. मोठे साहेब येऊन बघून गेले. चौथी शिकलेल्या बाईने सगळी लायब्ररी लावली, असं त्यांनी चार लोकांत सांगितलं आणि मला कायम केल्याचा कागद हातात दिला.

तो कागद आला त्याच दिवशी हे कामावर आले. गाल बसलेले, पट्टा दोन भोकं आत घेतलेला. मी कागद दाखवला. त्यांनी वाचला, “छान झालं” म्हणाले, आणि रॅकमध्ये गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी डोकावले. ते एका रॅकसमोर उभे होते. एक पुस्तक अर्धवट बाहेर काढत, परत आत ढकलत, पुढचं काढत. मग चष्मा पुसला.

“सगळी तुम्हीच लावलीत, बाई?”

“मग? तुमची वाट बघत बसले असते?”

“एकही मध्ये सोडलं नाही?”

“एक पण नाय.”

“बरं,” ते म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले. आजारपणातून उठलेला माणूस, दमला असेल, असं मला वाटलं. पुढचे काही महिने मागितलेलं पुस्तक आणायला ते मलाच पाठवायचे. “तुम्हीच बघा बाई, माझे पाय दुखतात.” पाय दुखायचे थांबले आणि मग ते स्वतः जायला लागले, पहिल्यासारखेच, न चुकता.

लायब्ररीचं काम म्हणजे बसून राहणं असं लोकांना वाटतं. तसं नव्हतं. परदेशातून मासिकं यायची. ती एका लांबट कार्डावर नोंदायची, मग कोणत्या साहेबाकडून कोणाकडे जायचं त्याची नावं वर चिकटवायची, मग मी ती टेबलोटेबली फिरवायची. पुस्तक नेलं की कार्डावर सही, परत आलं की खोडायचं. ज्याचं पुस्तक राहिलं त्याला आठवणीची चिठ्ठी, तीही हाताने. आणि प्रत्येकाला वेगळी. तापट माणसाला ‘सवडीने पाठवावे’, विसराळू माणसाला ‘निळ्या पुठ्ठ्याचे आहे, बहुधा आपल्या खिडकीत असेल.’ एका डॉक्टरसाहेबांनी पुस्तक दोन वर्षं दिलं नव्हतं. त्यांना लिहिलं, ‘पुस्तकाला घरची आठवण येते.’ तासाभरात पुस्तक आलं.

मग कॉम्प्युटर आला.

लायब्ररीत पहिल्यांदा एसी बसला तो त्याच्यासाठी. इतकी वर्षं उन्हाळ्यात आम्ही घामाघूम होत होतो, तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं. एसी बसला आणि ऐन मे महिन्यात संशोधन करणाऱ्या सगळ्यांना अचानक वाचनाची गोडी लागली. यंत्र काळ्या काचेचं, हिरव्या अक्षरांचं. त्याला रात्रभर घालायला मी दुपट्याएवढं कापड शिवलं होतं. खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या. हे मात्र मोजे घालून आत जायचे, कारण त्यांना सर्दी व्हायची.

त्यांना त्या यंत्राची हौस किती, ते सांगायला पाहिजे. वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं. मुंबईला पंधरा दिवस शिकायला गेले आणि शंभर पानी वही भरून आले. मला म्हणाले, “बाई, आता कार्डं शोधत बसायला नको. एखादा माणूस म्हणाला, मला अडुळशाबद्दल जे काही असेल ते द्या, तर हे यंत्र एका मिनिटात सगळं सांगेल. माझी शेवटची वर्षं मी यातच घालणार.”

“आणि तवा मी काय करू?”

“पुस्तकं आणायची. यंत्राला पाय नाहीत.”

सगळी कार्डं त्या यंत्रात भरायची होती. लाकडी कपाटात छोटे खण, खणात कार्डं, कार्डांच्या खालून ओवलेली सळई. मी सळई काढायची, एकेक कार्ड उचलून आकडा वाचायचा, ते दोन बोटांनी बडवायचे, मग कार्ड हातात घेऊन बाकीचं लिहायचे. चौथ्या दिवशी वीज गेली. परत आली तेव्हा हिरवी अक्षरं होती, पण आमचं काही नव्हतं.

“सकाळपासनं वाचलं ते कुठं गेलं?”

“कुठं गेलं नाही. नव्हतंच ते.”

“मग आपण सकाळपासनं काय केलं?”

“सराव,” ते म्हणाले.

त्यानंतर दहा कार्डं झाली की मी हात वर करायचा आणि ते एक कळ दाबून म्हणायचे, “ठेवलं.” आठ महिने आमचं हेच चाललं. हात वर, ठेवलं. हात वर, ठेवलं. पुढे घरी भाकऱ्या करतानाही दहावी झाली की माझा हात थांबायचा.

त्यातच एके दिवशी माझ्या लक्षात आलं.

“साहेब, तुमची कार्डं चुकीची लागलीत.”

“कुठं?”

“ही बघा ना. सहाशे पंधरा टिंब बारा आधी हाय, आणि सहाशे पंधरा टिंब आठ मागनं. खणभर असंच हाय. कुणी लावली?”

लावली त्यांनीच होती, वीस वर्षांपूर्वी. त्यांची बोटं बटणांवर तशीच राहिली. मग रुमाल काढून त्यांनी ती पुसली, काही लागलेलं नसताना.

“कार्डांची चाल वेगळी असते, बाई.”

“चाल कसली? आकडा तो आकडा.”

“पुढचं वाचा.”

मी वाचलं. मनात म्हटलं, इतका हुशार माणूस आणि हिस्से लावता येत नाहीत. कुणापुढे बोलले नाही, त्यांची शोभा कशाला करायची.

त्यांच्यात एक खोड होती. कडू बोलायचं झालं की ते उद्यावर टाकायचे. माणूस चांगला होता म्हणून खोड नव्हती असं मी लिहिणार नाही. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

यंत्र सुरू झालं. आठवणीच्या चिठ्ठ्या आता त्यातून निघायच्या, कर्र कर्र करत, दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांब कागदावर. सगळ्यांना एकच मजकूर. तापट माणसं जास्त तापली, विसराळू विसरतच राहिली. एक साहेब वारले होते, त्यांनाही दर सोमवारी चिठ्ठी निघायची. टेबलावर ठेवायला सांगितलं होतं म्हणून मी त्यांच्या रिकाम्या टेबलावर ठेवून यायचे. चौथ्या सोमवारी हे म्हणाले, “राहू दे आता. त्यांच्याकडून पुस्तक येत नाही,” आणि अर्धा दिवस खपून त्यांनी यंत्राला ते समजावलं. कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडून टाकायच्या असत. त्या मी पिशवीतून घरी न्यायचे. मुलींनी गणपतीच्या मखराला त्याची झालर केली होती.

मी लागल्यापासून सातवं वर्ष असेल. मुंबईच्या ऑफिसातून दोन तपासनीस आले. यंत्रातून सगळ्या पुस्तकांची यादी काढायची आणि रॅकशी ताडून बघायची, असं त्यांचं काम. त्या दिवशी हे सकाळपासून वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये. रॅकमध्ये आम्हा दोघांशिवाय कधी कुणी जायचं नाही, तसा नियम होता. ते दोघं सरळ आत गेले. एक यादी वाचायचा, दुसरा बोट फिरवत बघायचा, आणि थोड्या थोड्या वेळाने म्हणायचा, “नाही.” मग लाल फुली.

मी स्टुलावरून उठले. “काय पायजे ते सांगा, मी काढून देते.”

“राहू द्या मावशी. आम्हाला यादीच्या क्रमाने जायचंय. यादीत जिथं आहे तिथं पुस्तक पाहिजे.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनशेच्या वर फुल्या झाल्या. बातमी वर गेली. मोठे साहेब खाली आले, सोबत गेटवरचा पहारेकरी. सात वर्षांपूर्वी ज्यांनी मला चार लोकांत शाबासकी दिली होती, तेच मोठे साहेब.

“हा म्हणतो, तुम्ही रोज पिशवीतून कागद नेता.”

“पट्ट्या नेते. भोकांच्या. फेकायच्याच असतात त्या.”

“आणखी काय नेता?”

“डबा.”

तपासनिसांपैकी एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. मोठे साहेब हसले नाहीत. “दोनशे पुस्तकं. एकेक परदेशातून मागवलेलं. किल्ली तुमच्याकडे असते. पुस्तकं तुम्हीच फिरवता. मी काय समजायचं?”

चोर म्हणून गेटबाहेर काढलेल्या बाईला खालापुरात तर सोडाच, चौक गावच्या बाजारातही कुणी कामाला ठेवलं नसतं. आणि मला घराबाहेर काढायला दीर वाटच बघत होता.

तेवढ्यात हे आले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. यादी हातात घेतली, दोन पानं उलटली. चेहरा उतरला. एकदा माझ्याकडे बघितलं आणि यादी घडी करून टेबलावर ठेवली.

“पुस्तकं सगळी आहेत.”

“कुठं आहेत?”

“रॅकवर. मांडणी आणि यादी यांचा क्रम वेगळा आहे, एवढंच. कुठलाही आकडा सांगा. बाई आणतील.”

तपासनिसाने लाल फुलीचा आकडा वाचला. सहाशे पंधरा टिंब बारा. मी गेले, आठ, नऊ, दहा, अकरा ओलांडून बारावर हात टाकला आणि पुस्तक टेबलावर आणून ठेवलं. दुसरा आकडा. आणला. तिसरा. आणला. बाराव्याला मोठे साहेब म्हणाले, “पुरे.”

“असणारच,” हे म्हणाले. पण नेहमीसारखे नाही, अगदी हळू.

मधेच कधीतरी, पुस्तक ठेवताना, माझी नजर यादीवर गेली होती. बारा वर होतं आणि आठ खाली. कार्डांसारखंच. यंत्रातून निघालेली यादी, साहेबांची कार्डं, दोन्हींची चाल एक. वेगळी होती ती माझीच. ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

मोठ्या साहेबांनी विचारलं, “पण क्रम वेगळा कसा? हे असं उलटंसुलटं लावलं कोणी?”

मी तोंड उघडणार होते, असं लिहिलं तर बरं दिसेल. मी उघडणार नव्हते.

“पद्धत माझी,” हे म्हणाले. “नव्या इमारतीत आलो तेव्हा मीच सांगितली होती. बाईंनी सांगितलं तसं केलं.”

“सात वर्षं चुकीची पद्धत चालवलीत?”

“हो.”

“का?”

“सवय झाली.”

हा माणूस पाच मिनिटं उशीर झाला तर हजेरीत स्वतः लिहायचा. त्याने सगळ्यांसमोर खोटं सांगितलं, आणि वीस वर्षांच्या कामाची अब्रू घालवून सांगितलं. ग्रंथपालाला आकडे लावता येत नाहीत, यापेक्षा वाईट काय म्हणणार त्याला? आणि मी बघत उभी राहिले. दोन मुली होत्या, कायमची नोकरी होती. आज तोच प्रसंग आला तर मी काय करीन? तेच करीन. उगाच मोठेपणा कशाला सांगू.

त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनीच मला वाचून दाखवला, भाजीचे भाव वाचावेत तसा. कामात हलगर्जी, आणि म्हणून कॉम्प्युटरची जबाबदारी त्यांच्याकडे ठेवता येत नाही. महिन्याभरात मुंबईहून एक मॅडम आल्या. मुलगी वाईट नव्हती. पण ज्याने दोन बोटांनी एकूण एक कार्ड त्या यंत्रात भरलं, तो माणूस आता दाराशी मोजे घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, “मॅडम, जरा अडुळसा बघता का?”

सगळी पुस्तकं नव्याने लावायची होती. आम्ही दोघांनीच लावली. पहिल्या दिवशी त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं.

“टिंबानंतर हिस्सा नसतो, बाई. ती वाट असते. टिंबापाशी आलात की पहिला आकडा म्हणजे पहिलं वळण. एकवाले सगळे एकच्या वळणाने गेले. मग त्या गल्लीत दोनचं घर. म्हणून बारा एकच्या गल्लीत, आठच्या खूप अलीकडे.”

मला एका झटक्यात कळलं. कळलं म्हणून जास्त राग आला.

“हे तवाच सांगायला काय झालं होतं? माझ्या डोक्यात शिरलं नसतं?”

“शिरलं असतं. पण तुमच्या हातात कायम केल्याचा कागद होता. त्याच मांडणीवर मिळालेला.”

“आणि नंतर? सात वर्षं?”

“नंतर मला ती मांडणी येऊ लागली. तुम्ही चुकत होता, पण एकदाही चुकून चुकला नाहीत. सगळं एकाच रीतीने. मग शोधायला अडचण काय?”

“मेमो घ्यायची काय गरज होती?”

“पुस्तकं सापडत होती ना?”

“होती.”

“मग झालं तर.”

मी आभार मानले नाहीत. आमच्यात तशी रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी कांद्याची भजी तळून नेली. त्यांनी चार खाल्ली, आणि रुमालाने बोटं पुसून पुस्तकं लावायला घेतली.

पुढे चार वर्षांनी ते निवृत्त झाले. लाकडी कपाट गोडाऊनमध्ये गेलं. काही वर्षांनी पुस्तकंही गेली, सगळं पडद्यावर आलं, आणि मला दुसऱ्या इमारतीत चहाच्या कामाला लावलं. मीही निवृत्त झाले. मुली आपापल्या घरी आहेत. यांची माझी गाठ कधी कर्जतला बाजारात पडायची. “कसं चाललंय?” “चाललंय.” एवढंच.

मागच्या वर्षी ते गेले. मला बारा दिवसांनी कळलं. त्यानंतर दीडेक महिन्याने त्यांच्या मुलीचा फोन आला. घरातली पुस्तकं गावच्या शाळेला द्यायची आहेत, शाळेच्या बाईंनी कॉम्प्युटरवर यादी केली आहे, पण यादीप्रमाणे पुस्तकं लागत नाहीत. “बाबा सांगून गेले होते, काही सापडलं नाही तर लोधिवलीच्या बाईंना बोलवा.”

मी पोशीरला गेले. साधं स्लॅबचं घर, पुढच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं. तीनेकशे पुस्तकं असतील. शेतीची, औषधांची, इतिहासाची. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी पट्टी, त्यांच्याच अक्षरातला आकडा. मुलगी आता पन्नाशीला आलेली. माझ्या हातात यादी देत म्हणाली, “मावशी, शेवटी शेवटी बाबांचं लक्ष राहिलं नव्हतं बहुतेक. सगळं उलटसुलट आहे. तसा त्यांना कंपनीतही कॉम्प्युटर जमला नव्हता ना.”

“कोण म्हणतं?”

“घरात सगळ्यांना माहीत आहे. मेमो मिळाला होता. आई जन्मभर बोलून दाखवायची.”

मी कपाट उघडलं. सहाशे पंधरा टिंब आठ. मग नऊ. दहा. अकरा. बारा.

“ही कधी लावली?”

“फार जुनी लावलेली आहेत. मी दहावीला होते, टायफॉइडमधून उठले होते ते. रविवार आला की सगळी खाली काढायची आणि परत लावायची, डोळे मिटून शोधायची. आई ओरडायची. म्हणायचे, ऑफिसात नवी पद्धत आलीय, हातात बसवतोय.”

मी खाली बसले. गुडघे दुखतात माझे, तसं बसणं मला जड जातं, पण बसले.

“पद्धत नव्हती ती,” मी म्हटलं. “माझी चूक होती. लायब्ररी मी लावली होती, चुकीची. तुझ्या बापाला कॉम्प्युटर जमत नव्हता हे खोटं हाय, त्यात भरलेलं सगळं त्यांनीच भरलेलं. मेमो माझा होता. त्यांनी आपल्या अंगावर घेतला.”

“आणि तुम्ही?”

“मी गप बसले.”

“एवढी वर्षं?”

“हो.”

ती उठून आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. चालते व्हा म्हणाली तर जायचं, असं ठरवून मी पिशवी मांडीवर घेतली. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात चहाचे दोन कप होते.

“आईला कळायला हवं होतं हे,” ती म्हणाली.

“हो. उशीर केला मी.”

चहा पिऊन आम्ही कामाला लागलो. शाळेतल्या पोरांना पुस्तकं सापडायला हवीत, म्हणून सगळी खरी रीत धरून लावली. ती यादी वाचायची, मी लावायची. दहा झाली की माझा हात वर जायचा. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत एक कपाट आणि दुसऱ्याचे तीन कप्पे झाले. शेवटच्या कप्प्याला मी हात घातला, तर ती म्हणाली, “हा राहू द्या. हा शाळेला नाही देत.”

“पण हा चुकीचा लागलाय.”

“असू दे.”

मी पिशवी उचलली. ती त्या कप्प्यासमोर उभी राहून आकडे वाचत होती. “मावशी, यात झाडपाल्याचं एक होतं. सहाशे पंधरा टिंब बारा. बाबा त्यातून काढे सांगायचे. ते आहे का हो?”

“असणारच,” मी म्हटलं.

पदराला बोटं पुसली आणि हात घातला. आठच्या पुढे होतं.